बाहुलीचे कुरळे केस: धागा ओळखण्यापासून बट बसवण्यापर्यंत

भाद्रपदाची पौर्णिमा जवळ आली की अमळनेरला आमच्या गल्लीतल्या मुलींच्या माझ्याकडे चकरा सुरू होतात. घरोघरी गुलाबाई, म्हणजे मुली कोजागिरीपर्यंत मांडतात ती मूर्ती, बसायची असते. कुणाला तिच्या शेजारी मांडायला कापडाची बाहुली हवी असते, कुणी गेल्या वर्षीची घेऊन येते आणि तिच्या डोक्यावर नुसता पिंजारलेला गुंता असतो. साडी, नाक, डोळे याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मागणी एकच, "मावशी, हिचे केस कुरळे करून द्या ना."

गेली बरीच वर्षं मी हे केस करते आहे आणि बराचसा काळ मी चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेत होते. मला वाटायचं, काडीवर धागा किती घट्ट आणि सुबक गुंडाळला यावर बट ठरते. तसं नाही. बट तयार होते ती गुंडाळल्यानंतर, धागा काडीवर नुसता थांबलेला असताना. काही धागे वाळताना आकार धरतात, काही गार होताना धरतात आणि काहींना आपणहून आकार धरताच येत नाही, त्यांना खळीचा आधार द्यावा लागतो. आपल्या हातात यातला कोणता धागा आहे हे कळलं की निम्मं काम झालं. म्हणून सुरुवात काडीपासून नाही, धाग्यापासून.

धागा कोणता ते आधी ओळखा

दुकानात "लोकर द्या" म्हटलं की जो रंगीबेरंगी गुंडा हातात पडतो तो बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो, मेंढीचा नसतो. दोन्ही दिसायला सारखे, पण कुरळे करण्याची रीत अगदी उलटी. ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे जाळून पाहणं. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडेपेटीची काडी टोकाला लावा. मुलांना हे करू देऊ नका, वितळलेल्या अॅक्रिलिकचा थेंब कातडीला चिकटून भाजतो.

केस जळाल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला घेतली की आग विझली आणि राख बोटांत चुरली, तर ती खरी लोकर. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली, तर अॅक्रिलिक किंवा दुसरा एखादा कृत्रिम धागा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सूत, ताग किंवा केळीचा धागा.

वासात एवढा फरक पडतो कारण खरी लोकर आणि आपले केस एकाच द्रव्याचे, केराटिनचे, बनलेले असतात. म्हणूनच लोकर आपल्या केसांसारखी वागते. ओली झाली की तिच्यातले बारीक बंध सुटतात आणि ज्या आकारात वाळेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी लाटा पडलेल्या असतात, तोच प्रकार. अॅक्रिलिक हे प्लास्टिकच. त्याला पाण्याने काही होत नाही. ते उष्णतेने मऊ पडतं आणि गार होताना आकार धरतं. सूत आणि केळीचा धागा पाण्याने वळतात, पण त्यांच्यात लोकरीची उसळी नाही, सोडले की ढिले पडतात.

काडी आणि लांबी

बाहुलीच्या आकाराला शोभेल अशी काडी घ्या. वीतभर बाहुलीला खराट्याची काडी पुरते. फूटभर उंचीच्या बाहुलीला पाच-सहा मिलिमीटर जाडीची विणायची सुई किंवा बांबूची काडी. पेन्सिलीवर मोठी, सैल बट येते. आमच्याकडे पऱ्हाट्यांना, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांना, तोटा नाही, त्यामुळे सुरुवातीला मी त्याच तासून वापरल्या. ओल्या धाग्याला सालीचा तपकिरी डाग लागतो, त्या घेऊ नका. लोखंडी तारही नको, एका रात्रीत गंज उतरतो. स्टील किंवा बांबू उत्तम.

लांबीचा हिशेब इथेच करून टाका, कारण सगळ्यात जास्त धागा इथे वाया जातो. पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड, लोकरीचा धागा दोन मिलिमीटर. म्हणजे एका वेढ्याला जवळपास तीन सेंटिमीटर धागा लागतो. तीस सेंटिमीटर धाग्याचे दहा-अकरा वेढे होतात आणि ते एकमेकांना चिकटून घातले तर सगळी बट दोन सेंटिमीटरांत संपते! हातभर धागा घेतला होता, गेला कुठे, असं होतं ते यामुळे. तेच वेढे सेंटिमीटरभर अंतर ठेवून तिरके घातले की दहा सेंटिमीटरांची बट मिळते. माझा अंदाज असा: तिरक्या, मोकळ्या बटेसाठी हव्या त्या लांबीच्या तिप्पट धागा आणि स्प्रिंगसारख्या गच्च बटेसाठी पंधरापट.

चार पदरी लोकर असेल तर पदर उसवून एकेक वेगळा केला तरी चालतो. केस बारीक आणि जास्त खरे दिसतात, मात्र गुंडाळताना हलका हात हवा.

खऱ्या लोकरीच्या बटा

धुळे-साक्रीकडचे ठेलारी आणि धनगर हे मेंढपाळ मेंढ्यांची लोकर कातरतात तेव्हा ओळखीतून थोडी काळी लोकर मिळाली तर जरूर घ्या. दख्खनी मेंढीची ही लोकर जाडीभरडी असते, घोंगडीला वापरतात तीच. अंगाला टोचते, पण बाहुलीच्या डोक्यावर तिच्यासारखा केस नाही, रंगवायचीही गरज पडत नाही. कच्ची लोकर तेलकट असते. कोमट पाण्यात रिठा किंवा थोडा शाम्पू टाकून बुडवून ठेवा आणि दाबून पाणी काढा. चोळू नका, लोकरीच्या केसाला खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि नमद्यासारखा गोळा बसतो, तो सुटत नाही. शेवटचं पाणी जरा चांगलं घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, काळ्या लोकरीवर त्याचे पांढरट डाग उठतात.

धुतलेली लोकर हाताने पिंजून बारीक पेड काढा किंवा तयार धागा घ्या. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पंच्यात दाबून निथळा. ओला हवा, ठिबकणारा नको. काडीच्या एका टोकाला साध्या दोऱ्याने गाठ मारून धागा अडकवा, मग काडी फिरवत तिरके वेढे घालत जा. धागा ताणायचा नाही. ताणून गुंडाळलेली लोकर वाळताना आणखी आवळते आणि काडीवरून निघतच नाही. दुसऱ्या टोकाला पुन्हा गाठ.

कपाळाच्या दोन्ही बाजूंच्या बटा एकाच दिशेने वळलेल्या असल्या तर चेहरा एकीकडे कललेला वाटतो. म्हणून निम्म्या काड्यांवर वेढे उजवीकडून आणि निम्म्यांवर डावीकडून घाला आणि दोन्ही जुड्या वेगळ्या ठेवा. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण चेहरा सरळ दिसतो.

आता वाळवणं. काळ्या धाग्याचा रंग उन्हाने उतरतो, म्हणून सावलीत, वारं लागेल अशा जागी काड्या उभ्या खोचून ठेवा. मी मातीच्या कुंडीत खोचते. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा पाच-सहा तासांत काम होतं. श्रावण-भाद्रपदात पूर्ण दोन दिवस द्या. मी एकदा दिले नव्हते. भाचीच्या वाढदिवसाची बाहुली होती, बाहेर पावसाची झड लागलेली. वरून हात लावला तर धागे कोरडे लागले, म्हणून रात्रीच काड्या काढल्या. बटा इतक्या छान उसळल्या की लगेच शिवून टाकल्या. सकाळी उठून पाहते तो सगळ्या सरळ, दोरीसारख्या लोंबत होत्या. काडीला टेकलेली आतली बाजू ओली राहिली होती आणि ती मोकळी, सरळ लोंबत वाळली. पुन्हा सगळं उसवलं. आजी तेव्हा दारात बसून बघत होती, एवढंच म्हणाली, "घाई नको करू व माय, वाळू दे तेले."

तेव्हापासून मी हातावर विश्वास ठेवत नाही. काडी वरच्या ओठावर, नाकाच्या खाली टेकवून पाहते. तिथली कातडी बोटांपेक्षा कितीतरी नाजूक असते. धागा किंचितही गार लागला तर आत ओल आहे, परत कुंडीत.

वाळल्यावर बट उलगडून काढू नका. उलगडली की निम्मा पीळ जातो. दोन्ही गाठी सोडा, धाग्याचं वरचं टोक चिमटीत धरा आणि काडी वेढ्यांच्या उलट दिशेने किंचित फिरवा. वेढे सैल झाल्याचं बोटाला कळतं. मग बट जागेवर ठेवून काडीच तिच्यातून हळूच ओढून घ्या. काडी निघाल्यावर बट क्षणभर तशीच पोकळ उभी राहते आणि मग हलके सुटते. तिला हात न लावता ताटात ठेवा.

अॅक्रिलिकच्या बटा

इथे पाण्याऐवजी वाफ. स्टीलच्या सुया घ्या, प्लास्टिकच्या वाकतात. कोरडाच धागा गुंडाळा, गाठी मारा. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात पाणी उकळू द्या, चाळणीत सुया आडव्या ठेवा, वर एक फडकं अंथरून झाकण लावा. फडकं यासाठी की झाकणावरचं पाणी धाग्यावर ठिबकू नये. दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर. झाकण काढताना तोंड आणि मनगट बाजूला ठेवा.

आणि मग थांबा. सुया बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, स्टील आतून गार होईपर्यंत. गरम असताना सोडलेली अॅक्रिलिकची बट सरळ झाली की तोच आकार धरून बसते. मी अर्धा तास तरी ठेवते आणि मगच काडी ओढते.

अॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नका. एकदा दाबून तापवला की धागा चपटा, गुळगुळीत आणि निर्जीव होतो आणि त्याची उसळी परत येत नाही. केस मुद्दाम सरळ आणि खाली पडणारे हवे असतील तर मात्र इस्त्रीची नुसती वाफ वरून, न टेकवता, उपयोगी पडते.

नायलॉनचे तयार केस आणून लावणार असाल तर रीत साधारण हीच आहे: गुंडाळून गरम पाण्यात बुडवा आणि गार होऊ द्या. मात्र तयार केस कशाचे आहेत ते दिसून कळत नाही आणि काही तर कुरळे होतच नाहीत. आधी एका बटेवर करून पाहा.

केळीचा धागा

माझा जीव यात जास्त आहे. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. घड उतरला की खोड कापून बांधावर टाकतात. त्याच खोडाच्या सोपटांतून यंत्राने धागा काढतात. तो फिकट सोनेरी, रेशमासारखा चमकणारा असतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे यंत्र नसेल तर हातानेही निघतो: आतलं कोवळं सोपट फळीवर ठेवा आणि सुरीच्या बोथट पाठीने एकाच दिशेने खरवडत जा, गर निघून धागे उरतात. कपडे जुने घाला, केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत.

काळे केस हवे असतील तर गूळ आणि गंजलेले खिळे पाण्यात टाकून दोन-तीन आठवडे झाकून ठेवा. धागा आधी हिरड्याच्या किंवा डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात रात्रभर भिजवा, मग या लोखंडाच्या पाण्यात बुडवा. डोळ्यांदेखत काळा होत जातो. फार वेळ ठेवू नका आणि नंतर खूप धुवा. लोखंड धाग्यात राहिलं तर काही वर्षांनी तो ठिसूळ होऊन तुटतो. नुसता तपकिरी रंग हवा असेल तर चहाची उकळलेली पत्ती पुरे.

हा धागा नुसत्या पाण्याने बटेत राहत नाही, खळ लागते. शोभेच्या बाहुलीला साबुदाण्याच्या पिठाची किंवा मैद्याची खळ करा: एक कप पाण्यात एक चमचा पीठ गार असतानाच कालवा आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पण खळीला झुरळं आणि कसर लागते, एका पावसाळ्यात बटा कुरतडलेल्या मिळतात. म्हणून मुलींच्या खेळण्यातल्या बाहुलीला मी पांढरा डिंक, म्हणजे फेविकॉल, तिप्पट पाण्यात मिसळून वापरते.

काडीवर आधी मेणबत्ती घासा, नाहीतर बट काडीलाच चिकटते. धागा खळीत बुडवून दोन बोटांत निपटून काढा आणि गुंडाळा. अर्धवट वाळल्यावर, म्हणजे हाताला चिकटत नाही पण लवचीक आहे अशा वेळी, बट काडीवरच एकदा हलकेच फिरवून घ्या, म्हणजे ती शेवटी अडकत नाही. मग पूर्ण कडक होईपर्यंत तशीच राहू द्या. सुती धाग्यालाही हीच रीत.

डोक्यावर बसवणं

गच्च बटा आधी कुरळ्या करून मग शिवायच्या. वेणीच्या लाटा हव्या असतील तर उलट: केस आधी शिवा, मग किंचित ओले करून बारीक तीन पेडी वेण्या घाला आणि रात्रभर ठेवा. त्या वेळी चेहरा आणि मान प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट झाका. आत पिंजाऱ्याकडचा कापूस भरलेला असतो. तो ओला झाला की वरून वाळतो, आतून कुबट वास धरतो.

डोक्यावर पेन्सिलीने रेघा मारा: कपाळाची, कानामागची, मानेवरची आणि मधल्या भांगाची. केसांच्या रंगाच्या जुन्या मोज्याची टोपी शिवून डोक्यावर चढवा आणि रेघेवर बारीक टाके घाला. बटांच्या फटीतून पांढरं कापड दिसणं यामुळे टळतं. सुरुवात मानेकडून. प्रत्येक बटेचं वरचं टोक दुमडून छोटा फासा करा आणि दुहेरी दोऱ्याने दोन-तीन टाके घालून तो पक्का करा. अर्ध्या सेंटिमीटरवर पुढची. एक ओळ झाली की तिच्या वर बोटभर अंतराने दुसरी, अशा चढत भांगापर्यंत या. फूटभर बाहुलीला मला साठ-सत्तर बटा लागतात. कपाळावरच्या चार-सहा बटा सगळ्यात शेवटी, आरशात बाहुली धरून जागा ठरवून. आरशात उलटी बाजू दिसते आणि तिरकेपणा लगेच कळतो.

तीन वर्षांच्या आतलं मूल खेळणार असेल तर मणी, पिना आणि नुसता डिंकाने चिकटवलेला केस नको. एकेक बट ओढून पाहा, सुटली तर पुन्हा शिवा. त्या वयाला लांब बटांपेक्षा शिवलेला अंबाडा बरा.

मातीच्या गुलाबाईला

शाडूची मूर्ती घरी करत असाल तर केसही मातीचेच करा. शेवेच्या सोऱ्याला बारीक जाळी लावा, मऊ मळलेली शाडू भरा आणि दाबा. एकसारख्या शेवया पडतात, त्याच बटा. दोन शेवयांना एकत्र पीळ द्या किंवा तेलाचा हात फिरवलेल्या खराट्याच्या काडीवर एक शेवई वळवून काडी काढून घ्या. डोक्यावर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा, मातीचा पातळ चिखल लावा आणि बट टेकवून ओल्या कुंचल्याने दाबा.

मूर्ती आणि बट दोन्हींत ओल सारखी हवी. माती वाळताना आकसते. वाळलेल्या डोक्यावर ओली बट लावली की ती एकटीच आकसते आणि दुसऱ्या दिवशी गळून पडते. म्हणून डोकं ओल्या फडक्याखाली राखून ठेवा. केस झाल्यावर पहिला दिवस सैल फडकं झाकूनच सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर काळा रंग द्या आणि मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने नुसत्या उंचवट्यांवरून तपकिरी रंग फिरवा. वळणं उठून दिसतात.

नंतरची काळजी

कोजागिरीला गुलाबाईची बोळवण झाली की कापडाची बाहुली वर्षभरासाठी पेटीत जाते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कागदी खोक्यात, डोक्याभोवती चुरगाळलेला कागद आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. लोकरीची बट सैल पडली तर तिच्यात काडी सरकवून पाण्याचा हलका फवारा मारा आणि एक-दोन रात्री तशीच सोडा. अॅक्रिलिकला किटलीच्या वाफेवर दूर धरून हेच करा, चेहरा पिशवीत झाकून. केळीच्या धाग्याला पाणी लावलं की खळ सुटते, त्याची बट नवीनच करावी लागते. म्हणून प्रत्येक बाहुलीच्या परकराच्या आतल्या बाजूला मी छोटा कापडी खिसा शिवते आणि त्याच धाग्याच्या तीन-चार जादा बटा, त्याच रंगाच्या दोऱ्यासह, त्यात घालून देते.